फणस तोडायचाय? कटर आणायच्या आधी सातबारा काढा

आमच्या मागच्या पडवीवर एक फणस कलला होता. आजोबांच्या वेळचा, बरका, बुंधा एवढा की दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पऱ्ह्याच्या पाण्याने एका बाजूची मुळं धुवून निघालेली. मे महिन्यात चाकरमानी आले की दरवर्षी त्याच्यावर मीटिंग भरायची, पाडूया की ठेवूया, आणि आंबे संपले की मीटिंगपण संपायची. गेल्या खेपेला मात्र एक लाकडाचा व्यापारी स्वतःच अंगणात आला, टेप काढून घेर मोजला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तुम्ही फक्त हो म्हणा, उद्या कटर घेऊन येतो, परमिशनचं मी बघतो." काका तर एकदम तयार. "आपल्या बापाने लावलेलं झाड, त्याला सरकारला कशाला विचारायचं रे?"

मी ॲडव्हान्स घेणार होतो, खरंच. हात पुढे केला होता. पण बायको म्हणाली परमिशन आधी दाखवा म्हणावं, मग पैसे घ्या, तर तो माणूस एकदम गडबडला आणि दोन दिवसांनी येतो म्हणून जो गेला तो गेलाच. मग मी स्वतः तालुक्याला चकरा मारल्या, तलाठी, रेंज ऑफिस, परत तलाठी, आणि त्यात जे काय कळलं ते इथे सगळं लिहून ठेवतोय, कारण आमच्या वाडीत आता जो तो मलाच विचारायला येतो आणि मी तेच तेच सांगून दमलोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक पहिला प्रश्न विचारतात की "फणसाला परमिशन लागते का", "काजूला लागते का". चुकीचा नाही पण हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की झाड उभं आहे ती जमीन कागदावर कोण आहे. तेच झाड, तीच जात, घरामागे असेल तर एक कायदा, नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर दुसरा, वनसंज्ञा लागलेल्या, म्हणजे कागदावर वन म्हणून नोंद असलेल्या डोंगरावर असेल तर तिसरा, आणि खाडीच्या कडेला असेल तर विषयच संपला. म्हणून आधी सातबारा.

सातबारा कसा बघायचा ते आता पोरंपण जाणतात, महाभूलेखच्या साईटवर कोकण विभाग निवडायचा, जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर टाकायचा, बघायला फुकट. पण अर्जाला लावायला डिजिटल सहीचा लागतो, तो १५ रुपयांत निघतो. सातबारा उघडला की लोक नावं बघतात आणि बंद करतात. तसं करू नका. नमुना सातच्या उजव्या बाजूला 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, खरा मसाला तिथे असतो. तिथे 'राखीव वन', 'खाजगी वन', 'वन विभाग', 'देवरहाटी' (म्हणजे देवराई) असला कुठलाही शब्द दिसला तर तिथेच थांबा. कुऱ्हाड सोडा, कोयती पण लावू नका, आधी फॉरेस्टात जाऊन विचारा.

आपल्याकडे हे जास्त बघावं लागतं कारण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं, डोंगरच्या डोंगर हिरवा दिसतो तो बहुतेक लोकांच्या मालकीचा. त्यातल्या काही जमिनींना भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम ३५ खाली नोटिसा निघाल्या होत्या, आणि मग ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा लागू झाला, त्यात अशा कित्येक जमिनी सरकारजमा झाल्या, कागदावर. जमीन कसणाऱ्याला काही माहीत नाही, तो आपला दरवर्षी कवळं (झाडांच्या डहाळ्या) तोडतोय, भाजावळ (भातासाठी जमीन भाजणं) करतोय, आणि एक दिवस गार्ड येऊन सांगतो की ही तर वनखात्याची. त्यावर कोर्टकचेऱ्या भरपूर झाल्या, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलंय की नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला मिळायला पाहिजे होती, पण तो वकिलाचा विषय आहे, तुम्ही त्याच्या भरवशावर झाड तोडू नका. झाड तोडून मग केस लढणं आणि केस लढून मग झाड तोडणं यात लय फरक आहे.

आता तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) गेलात तर नुसता सातबारा मागू नका. गाव नमुना १अ दाखवा म्हणून सांगा. ही गावातल्या वन जमिनींची नोंदवही. आमच्याकडे मी हे विचारल्यावर समोरच्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, बहुतेक कोणी मागतच नसावं. पण त्यात आपला सर्व्हे नंबर आहे का नाही हे पाच मिनिटांत कळतं. आणि वाटलंच तर जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफारपण काढा, आपले अभिलेखच्या साईटवर बऱ्याच गावांचे स्कॅन केलेले आहेत, कारण कॉम्प्युटरवर चढवताना एखादी जुनी नोंद सुटली असेल तर ती तुमची सुटका नाही, ती नंतर निघते आणि तुमच्याच डोक्यावर येते.

देवराईबद्दल वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो. देवरहाटीतलं वाळलेलं झाडसुद्धा आपलं नाही. गावकरी, मानकरी, गुरव बसले, देवाला कौल लावला, उजवा दिला, म्हणून कायद्याची परमिशन होत नाही. कित्येक ठिकाणी देवरहाटीच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव आहे, त्यामुळे देवळाच्या जीर्णोद्धाराला लाकूड पाहिजे असलं तरी रीतसर अर्जच करावा लागतो.

दुसरी जमीन म्हणजे शहर. इथे बरेच लोक फसतात कारण त्यांच्या मनात ते अजून गावातच राहतात. दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, ह्या सगळ्या आता नगरपंचायती आहेत, आणि रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी ह्या तर जुन्या नगरपरिषदा. नागरी हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा चालतो, आणि त्यात जातीची यादी बघत बसायचं नाही, आंबा असो की अशोक, सगळ्यालाच परमिशन. अर्ज नगरपरिषदेत, मग झाडावर नोटीस लावतात, लोकांच्या हरकती घेतात, मग निर्णय. आणि तोडणं म्हणजे फक्त आडवं पाडणं नव्हे, जाळणं, इजा करणं हे पण त्यात आलं, म्हणजे ते बुंध्याची साल काढून ठेवायची किंवा भोक पाडून हिंग भरायचा आणि मग "बघा आपोआप वाळलं" म्हणायचं, ही युक्ती सगळ्यांना माहितीये, ऑफिसात बसलेल्यांना पण.

२०२१ मध्ये ह्या नागरी कायद्यात दुरुस्ती झाली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड आता हेरिटेज धरतात, आपण त्याला पुरातन वृक्ष म्हणू. आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवीन झाडं लावायची. म्हणजे समजा रत्नागिरी शहरात तुमच्या कंपाउंडमध्ये साठ वर्षांचा आंबा आहे आणि बिल्डिंगसाठी तो जाणार, तर साठ झाडं लावायची जागा आधी शोधून ठेवा. एकदा हा हिशोब कागदावर केला की बऱ्याच जणांना प्लॅन थोडा सरकवून झाड वाचवणं स्वस्त वाटायला लागतं, आर्किटेक्टला विचारून बघा.

तिसरी जमीन खाडीकडेची. तिवर, कांदळ, चिपी, काय वाटेल ते म्हणा, ह्यात घासाघीसच नाही. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल दिलाय की राज्यातलं सगळं कांदळवन संरक्षित, जमीन कोणाच्याही मालकीची असो, आणि भोवती ५० मीटरचा पट्टा पण मोकळा ठेवायचा. पांढरी चिपी तर २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. आता खरी अडचण कुठे होते तर खारभूमीत. बंधारा फुटला, दुरुस्त कोणी केला नाही, खारं पाणी भातशेतीत शिरलं, आणि काही वर्षांत जिथे आजी लावणी लावायची तिथे तिवराचं रान उभं राहिलं. सातबाऱ्यावर नाव तुमचं, शेतसारा तुम्ही भरलेला, तरी एक तिवर तोडता येत नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, बंधारा वेळेवर बांधला असता तर ही वेळ आली नसती, पण वाटून उपयोग नाही, रात्री जेसीबी लावून साफ करणाऱ्यांचं काय होतं ते बघितलंय. बंधारा फुटल्या फुटल्या खारभूमी विभागाला लेखी कळवून त्याची पोच ठेवणं एवढंच हातात असतं.

आणि चौथं, काही पट्ट्यांना कोर्टाचे वेगळे आदेश आहेत. दोडामार्ग आणि सावंतवाडी-दोडामार्गचा जो वन्यजीवांचा पट्टा आहे तिथे हायकोर्टाने २०१३ पासून वृक्षतोडीला बंदी घातलेली. त्या बाजूच्या पाहुण्यांनी आमच्या रत्नागिरीचा अनुभव ऐकून काही करू नये, सावंतवाडीला उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात आपला गाव बंदीत येतो का हे विचारून लेखी घ्यावं. फणसाड, कर्नाळा ह्या अभयारण्यांच्या शेजारी, माथेरानभोवती, डहाणू तालुक्यात, सगळीकडे थोडं थोडं वेगळं आहे. तिकडच्यांनी तिकडचं बघायचं.

एवढं सगळं पार करून तुमचा सातबारा स्वच्छ निघाला, गाव ग्रामपंचायतीतलं, जमीन मालकीची, इतर हक्कात काही नाही, तर आता या झाडाच्या जातीकडे.

ग्रामीण भागात मालकी जमिनीवर महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा १९६४ चालतो, आणि त्याला एक अनुसूची जोडलेली आहे. सोळा जाती आहेत. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हलदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळ. ह्यातलं झाड असेल तर तोडायच्या आधी वनखात्याची परमिशन, एक झाड असलं तरी. यादीत नसेल, म्हणजे काजू, माड, पोफळ, अकेशिया, रातांबा, सावर वगैरे, तर मालकी जमिनीत तोडायला ह्या कायद्याखाली परमिशन लागत नाही. वाहतुकीचं वेगळं, ते पुढे सांगतो.

आता गंमत ह्या यादीतल्या नावांची. यादी पुस्तकी मराठीत आहे आणि आपण झाडाला आपल्या नावाने ओळखतो. आमचा शेजारी छातीठोकपणे सांगत होता की "माझ्याकडे हलदू नाहीच, माझ्याकडे हेद आहे." अरे बाबा, हेद म्हणजेच हलदू. बिजाला आपल्याकडे असाणा म्हणतात, कोणी बिवळा म्हणतात, सालीवर कोयतीचा घाव घातला की रक्तासारखा लाल चीक येतो ते झाड. तिवस आणि तिवर ही दोन वेगळी झाडं, एक डोंगरातलं एक खाडीतलं, पण दोन्ही यादीत (तिवर कांदळात मोडतं), त्यामुळे गोंधळ झाला तरी उत्तर एकच. उलट अंजनाचं बघा. यादीतला अंजन हा मोठा वृक्ष, खानदेश-विदर्भाकडच्या कोरड्या जंगलातला, त्याची दोन पानं आपट्यासारखी जोडलेली. आपल्याकडे सड्यावर जी अंजन किंवा अंजनी म्हणतात, निळी-जांभळी फुलं फांदीला चिकटून येतात ती, ते झाडच वेगळं, नुसतं नाव सारखं. अर्जात 'अंजन' लिहिलंत तर तुम्हीच स्वतःला यादीत बसवून घ्याल.

ऐन की किंजळ ह्यावर आमच्याकडे दोन म्हातारे अर्धा तास भांडले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची आणि फळाला पाच पंख, किंजळीची फळं लहान, एक पंख मोठा दोन बारीक, आणि पावसाळा संपला की सगळं झाड तांबूस-गंजल्यासारखं दिसतं. भांडण छान झालं पण दोन्ही यादीत असल्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. भांडायचंच तर हिरडा की बेहडा ह्यावर भांडा, कारण हिरडा यादीत आहे आणि बेहडा नाही. नाणापण यादीत नाही, त्याची साल पेरूसारखी गुळगुळीत, फिकट, पापुद्रे निघतात. शंका असेल तर पानाचा, सालीचा, फळाचा आणि पूर्ण झाडाचा असे चार फोटो काढून बीटच्या वनरक्षकाला व्हॉट्सॲप करा, तो बघून सांगतो. झाड ओळखणाऱ्या ॲपवर विसंबू नका, मी आमच्या फणसाचा फोटो टाकला तर त्याने वड सांगितलं.

जात कळली, यादीत आहे. आता मालकी. आणि इथे कोकणातला माणूस खरा अडकतो.

आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं. त्यातले सहा देवाघरी, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, एक आते बडोद्याला, बाकी सगळे विरार-डोंबिवली-परळ. सामाईक जमिनीतलं झाड म्हणजे सगळ्यांचं झाड. तुम्ही गावात राहता, पाणी तुम्ही घातलं, फणस दरवर्षी तुम्ही उतरवता, हे सगळं खरं, पण कागदाला ते कळत नाही, सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. मी आधी सगळ्यांना फोन लावले. एक चुलतभाऊ म्हणाला, "दादा, झाडाचे किती येणारेत?" म्हटलं बाबा घर वाचवायचंय, धंदा नाही करायचाय. शेवटी सरळ गणपतीची वाट बघितली. सगळे आले, आरती झाली, आणि उकडीचे मोदक खाऊन माणसं जरा मवाळ झाली तेव्हा स्टॅम्प पेपर पुढे ठेवला. मयतांच्या वारसांची नोंद आधी घालून घ्या, त्याला वेळ लागतो, ते मे महिन्यातच सुरू करा.

बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्यालाही विचारात घ्या. बुंधा नक्की कोणाच्या हद्दीत हे डोळ्याने ठरत नाही, वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी आणून हद्द कायम करून घ्यावी लागते, उगाच शेजारधर्म मोडू नका. रस्त्याकडेचं झाड असेल तर ते बहुतेक बांधकाम खात्याचं किंवा जिल्हा परिषदेचं निघतं. वीजवाले तारेवर आलेल्या फांद्या छाटतात, ते झाड तोडून देत नाहीत. जमीन वर्ग दोनची, म्हणजे विकायला-द्यायला सरकारी बंधन असलेली, असेल तर तहसीलदारांकडे आधी चौकशी करा. आणि खातेदार आदिवासी असेल, रायगड-पालघरकडे हे खूप आहे, तर १९६९ चा वेगळा कायदा आहे, तिथे व्यापाऱ्याने परस्पर झाड विकत घेऊन तोडणं चालतच नाही, सरकारी यंत्रणेमार्फतच विक्री होते. वाडीतल्या कातकरी दादांना कोणी दोन-तीन हजार टेकवून खैर नेत असेल तर हे त्यांना सांगा.

अर्ज कुठे द्यायचा तर परिक्षेत्र वन अधिकारी, म्हणजे रेंज ऑफिस. आपल्या जिल्ह्याचं मुख्य वन ऑफिस चिपळूणला आहे, पण तिथे थेट धावायची गरज नाही, आपल्या तालुक्याला कुठली रेंज लागते ते विचारून तिथे जा. माहीत नसेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे, फुकट आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणला म्हणजे झालं असं समजू नका, सरपंच आपला माणूस असतो, तो देतो दाखला, पण ती परमिशन नव्हे.

मी काय काय लावलं ते सांगतो. साधा अर्ज, त्यात सर्व्हे नंबर, झाडाची जात, संख्या आणि कारण. सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), गटाचा नकाशा, संमतीपत्रं, आधारची झेरॉक्स. झाडाचा घेर, तो जमिनीलगत मोजायचा नाही, छातीच्या उंचीला मोजायचा, साधारण साडेचार फुटांवर, दोरी गुंडाळून मग दोरी टेपला लावली तरी चालतं. आणि फोटो, माझ्या मते सगळ्यात कामाला आले ते फोटोच. घर आणि झाड एका फ्रेममध्ये येईल असा, उघड्या मुळांचा जवळून, आणि झाड किती कललंय हे दिसावं म्हणून मी बुंध्याशेजारी एक बांबू सरळ उभा करून फोटो काढला. वनरक्षकाने तो फोटो बघून पहिल्यांदाच "हां, हे पडणार" असं म्हटलं. झाड ओढ्याच्या, पऱ्ह्याच्या काठावर असेल तर ते लपवू नका, पाहणीला येणारा माणूस बघणारच आहे, उलट तेच स्पष्ट लिहून विचारा की काठावरच्या झाडाला आणखी कोणाची परमिशन लागेल का. अर्जाची एक कॉपी स्वतःकडे, त्यावर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे रद्दी, हे मी पहिल्या चकरेत शिकलो, कारण माझा पहिला अर्ज सापडलाच नाही.

मग पाहणी होते, झाडाला नंबर टाकतात, मग लेखी आदेश येतो. आदेश आला की नीट वाचा. किती झाडं, कुठली, किती मुदतीत. मुदत संपली की तो कागद संपला. आणि एका झाडाच्या परमिशनवर शेजारची दोन झाडं सोबत उडवणं हा आपल्याकडचा जुना खेळ आहे, तो व्यापाऱ्याला परवडतो, पकडल्यावर नाव खातेदाराचं येतं. लाकूड जातं, गाडी आणि कटर जप्त होतो, आणि व्यापारी फोन उचलत नाही. म्हणून "परमिशनचं मी बघतो" म्हणणाऱ्याला एकच वाक्य, "बघ, आणि आदेशाची ओरिजिनल प्रत माझ्या हातात दे, मग कटर चालू कर." खैर असेल तर दुप्पट सावध, चिपळूण-सावर्डेकडे काताचा धंदा असल्यामुळे खैराला कायम गिऱ्हाईक असतं आणि चोरीच्या मालात तुमचा माल मिसळायला वेळ लागत नाही.

वाहतूक हा वेगळा कागद. तोडायची परमिशन आहे म्हणून लाकूड टेम्पोत भरून नेता येत नाही, त्याला वनखात्याचा वाहतूक पास लागतो, ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का बसतो. काही जातींना पासातून सूट आहे, पण माझी जात सुटीत आहे का हे रेंज ऑफिसातच विचारा, टेम्पोवाल्याला नको. जे झाड तोडायला परमिशन लागत नव्हती त्याचं लाकूड नाक्यावर अडकलं असं पण होतं.

वादळात पडलेल्या झाडाचं विचारतात लोक. जून २०२० च्या निसर्गात आणि मे २०२१ च्या तौक्तेत आपल्याकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. पडलेलं झाड घरावर असेल तर आधी माणसं बाहेर काढा, रस्ता मोकळा करा, त्यासाठी कोणी तुम्हाला धरत नाही. पण त्या गडबडीत फोटो काढायला विसरू नका आणि लाकडाचे तुकडे करून विकायच्या आधी तलाठ्याचा पंचनामा करून घ्या, नाहीतर नुकसानभरपाई पण गेली आणि "हे पडलं की पाडलं" हा प्रश्न पण उरला.

एक शेवटचं, जे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत. म्हातारं झाड असेल तर तोडायच्या आधी वर बघा. ढोली आहे का, घरटं आहे का. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत धनेश, आपल्याकडे ककणेर किंवा माडगरुड म्हणतात तो, ढोलीत असतो, मादी आत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट, आणि नर दिवसभर फळं आणून भरवतो. खाली वडा-उंबराच्या बियांचा सडा आणि विष्ठा पडलेली दिसली तर समजायचं वर कोणीतरी आहे. किनाऱ्याला उंच झाडांवर समुद्री गरुडाचं काटक्यांचं मोठं घरटं असतं, वर्षानुवर्षं तेच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली घरटं, अंडी, पिल्लं ह्यांना हात लावणं गुन्हा आहे, मग झाडाची परमिशन खिशात असली तरी. पिल्लं उडेपर्यंत थांबायचं.

आमच्या फणसावर धनेश नव्हता, खारी होत्या. आदेश मिळाला तो दिवाळीनंतर. घराच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्या आधी दोर बांधून उतरवल्या, मग बुंधा. बुंधा पडल्यावर बघितलं तर आतून अर्धा पोकळ, म्हणजे तो व्यापारी जेवढे देत होता तेवढे त्याचे झालेच नसते बहुतेक. लाकूड गावातच ठेवलं, पास काढायची वेळच आली नाही. एका ओंडक्याचं काकांनी देवघर करून घेतलंय, आणि आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "परमिशन काढलीत ना रे?"